कंपनीला टाळं लागलं, मग पेटंटचं काय?

मार्च २०२४ मध्ये बोफ्लेक्स कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. घरात ठेवायची व्यायामाची यंत्रं, एकाच जोडीवर हवं तेवढं वजन लावता येणारे डंबेल्स, ट्रेडमिल हा तिचा धंदा. करोनाच्या काळात घरी व्यायाम करणाऱ्यांची झुंबड उडाली होती; लोक घराबाहेर पडायला लागले तशी मागणी बसली. शेवटी तैवानच्या जॉन्सन हेल्थ टेकने ३.७५ कोटी डॉलरची बोली लावून कंपनीचा जवळजवळ सगळा संसार उचलला.

अशी बातमी आली की गिऱ्हाईक विचारतं, माझ्या वॉरंटीचं काय? आणि त्याच धंद्यातला दुसरा माणूस विचारतो, आता यांची पेटंटं मोकळी झाली का? कंपनीच राहिली नाही तर तसं यंत्र मी बनवलं म्हणून अडवणार कोण?

वॉरंटीवाल्याला बहुतेक वेळा घेणेकऱ्यांच्या लांबलचक रांगेत अगदी मागे उभं राहावं लागतं, त्यामुळे तो विषय इथेच सोडू. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. अडवणारा कुणीतरी असतोच. फक्त तो कोण, हे शोधायला कागदपत्रं चाळावी लागतात, आणि कधीकधी तो आधीच्या मालकापेक्षा जास्त चिवट निघतो.

बोफ्लेक्सच्याच मालमत्तेत याचा एक नमुना होता. तिच्या ताब्यातल्या नावांमध्ये ‘श्विन’ हे एक नाव होतं. श्विन ही सायकलींची जुनी कंपनी. २००१ मध्ये ती बुडाली तेव्हा तिचे दोन तुकडे झाले. सायकलींचा धंदा पॅसिफिक सायकलने घेतला आणि व्यायामयंत्रांचा भाग डायरेक्ट फोकस नावाच्या कंपनीने घेतला. डायरेक्ट फोकसची पुढे नॉटिलस झाली, नॉटिलसने २०२३ मध्ये बोफ्लेक्स हे नाव लावलं आणि २०२४ मध्ये तीही बुडाली. म्हणजे एका दिवाळखोरीतून उचललेली मालमत्ता तेवीस वर्षांनी दुसऱ्या दिवाळखोरीतून तिसऱ्याकडे गेली. मालक बदलत गेले, मालमत्ता चालत राहिली.

हातात नेमकं काय असतं?

पेटंट म्हणजे वस्तू बनवायचा परवाना, असा एक सर्रास गैरसमज आहे. पेटंटने मिळतो तो दुसऱ्याला अडवण्याचा हक्क: माझ्या परवानगीशिवाय हे बनवू नका, विकू नका, आयात करू नका. अर्ज केल्यापासून साधारण २० वर्षं हा हक्क टिकतो. स्वतः ती वस्तू बनवलीच पाहिजे, कारखाना चालू असलाच पाहिजे, अशी अट त्याला सहसा नसते.

त्यामुळे कारखान्याला कुलूप लागलं तरी अडवण्याचा हक्क शाबूत राहतो. कायद्याच्या नजरेत ती कंपनीची मालमत्ता आहे, गोदामातल्या मालासारखी आणि साच्यांसारखीच. ती विकता येते, गहाण टाकता येते, भाड्याने दिल्यासारखी वापरायला देता येते. दिवाळखोरीत न्यायालय किंवा नेमलेला प्रशासक कंपनीच्या मालमत्तेची यादी करतो, त्या यादीत पेटंटं येतात, आणि त्यांतून जो पैसा उभा राहील तो देणी फेडायला जातो.

बुडण्याचेही प्रकार असतात. काही कंपन्या कर्जाची फेररचना करून पुन्हा उभ्या राहतात. तिथे पेटंटं जागची हलत नाहीत. काही चालत्या अवस्थेत विकल्या जातात. आइस हॉकीचं सामान बनवणाऱ्या बाउअर आणि बेसबॉलच्या ईस्टन या नावांची मालक परफॉर्मन्स स्पोर्ट्स ग्रुप ऑक्टोबर २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि काही महिन्यांत दोन कॅनेडियन गुंतवणूकदारांनी ती ५७.५ कोटी डॉलरला घेतली. दुकानातल्या गिऱ्हाइकाला काही बदललं हे कळलंही नसेल. तिसऱ्या प्रकारात मोडतोड होते. यंत्रं एकाकडे, नाव दुसऱ्याकडे, पेटंटं तिसऱ्याकडे. सगळ्यात जास्त गुंता इथेच होतो.

गोल्फच्या चेंडूची गोष्ट

हे प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण बुडालेल्या कंपनीच्या पेटंटांचं पुढे काय काय होऊ शकतं ते जवळजवळ सगळं यात आहे.

स्पॉल्डिंग ही अमेरिकेतली जुनी, नावाजलेली कंपनी. २००३ मध्ये तिने बास्केटबॉल वगैरेचा धंदा आणि ‘स्पॉल्डिंग’ हे नावसुद्धा रसेल कंपनीला विकून टाकलं. मागे उरला गोल्फचा धंदा. त्याला ‘टॉप-फ्लाइट गोल्फ कंपनी’ असं नाव दिलं गेलं आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ही कंपनी दिवाळखोरीत गेली. सप्टेंबरमध्ये कॅलवे गोल्फने न्यायालयाच्या मंजुरीने ती मालमत्ता १५ कोटी डॉलरच्या आसपास रकमेला घेतली.

वरवर पाहता कॅलवेने चेंडूंचा कारखाना आणि दोन नावं घेतली: टॉप-फ्लाइट आणि बेन होगन. पण त्याच सौद्यात चेंडूच्या रचनेवरची पेटंटंही आली. त्यांतली चार पुढे न्यायालयात संशोधकाच्या नावावरून ‘सुलिवन पेटंटं’ म्हणून गाजली. चौघांचं मूळ १९९५ च्या अर्जात होतं. पहिलं २००१ मध्ये मंजूर झालं आणि शेवटचं जुलै २००३ मध्ये, म्हणजे कंपनी दिवाळखोरीत असताना! मंजूर न झालेला अर्जसुद्धा मालमत्ता असतो आणि कंपनी कोर्टात असली तरी पेटंट ऑफिसातली फाइल आपल्या गतीने पुढे सरकत राहते, हे यावरून लक्षात यावं.

त्या पेटंटांत होतं काय? चेंडूच्या आत गाभा, त्यावर आयोनोमर नावाच्या प्लास्टिकचा कडक थर, आणि सगळ्यात वर पॉलियुरेथेनचं पातळ, मऊ आवरण. लांबचा जोरदार फटका मारताना आतला कडक थर चेंडूला अंतर मिळवून देतो. जवळच्या नाजूक फटक्यात वरचं मऊ आवरण क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, खाचांत रुतून फिरकी घेतं. एरवी अंतर हवं तर फिरकी सोडा, फिरकी हवी तर अंतर सोडा, अशी अडचण होती. या रचनेत दोन्ही एकाच चेंडूत बसत होतं.

साधारण याच रचनेचा एक चेंडू २००० च्या अखेरीस बाजारात आला होता: अकुश्नेट कंपनीचा टायटलिस्ट प्रो व्ही१. व्यावसायिक खेळाडूंनी तो उचलून धरला आणि बघता बघता तो गोल्फमधला सगळ्यात नावाजलेला चेंडू झाला. टॉप-फ्लाइट बुडाली त्या वेळी प्रो व्ही१ जोरात होता. फेब्रुवारी २००६ मध्ये कॅलवेने अकुश्नेटवर दावा ठोकला. शस्त्र होतं बुडालेल्या कंपनीकडून आलेलं पेटंट.

अकुश्नेटने एक गोष्ट मान्य करून टाकली की आमचे चेंडू पेटंटच्या शब्दांत बसतात. त्यांचं म्हणणं होतं, ही पेटंटं मुळात द्यायलाच नको होती, कारण यातलं सगळं आधीच्या पेटंटांत सापडतं. डिसेंबर २००७ मध्ये ज्यूरीने पेटंटांतल्या नऊपैकी आठ दाव्यांवर (इथे दावा म्हणजे नेमकं काय अडवायचं ते सांगणारं पेटंटमधलं कलम) कॅलवेच्या बाजूने कौल दिला. नोव्हेंबर २००८ मध्ये न्यायालयाने हुकूम काढला की १ जानेवारी २००९ पासून त्या चेंडूंची विक्री बंद. बुडालेल्या कंपनीच्या कागदांनी बाजारातल्या पहिल्या नंबरच्या चेंडूला थांबवलं होतं.

आणि मग गाडी उलटी फिरली. पेटंटमध्ये दावे क्रमाने लिहिलेले असतात. चौथा दावा व्यापक, पाचवा त्याच्यावरच बेतलेला आणि त्याहून नेमका. ज्यूरीने चौथा दावा वैध ठरवला होता आणि पाचवा ‘यात नवीन काय, हे तर कुणालाही सुचलं असतं’ म्हणून अवैध. आता व्यापक गोष्ट कुणाला सहज सुचण्यासारखी नसेल, तर तिच्यातलाच नेमका भाग सहज सुचण्यासारखा कसा असेल? अपील न्यायालयाने २००९ मध्ये हा विरोधाभास पकडला, निकाल रद्द केला आणि खटला पुन्हा चालवायला सांगितला. मार्च २०१० मध्ये दुसऱ्या ज्यूरीने सगळे दावे अवैध ठरवले.

दिवाळखोरीतली विक्री ही ‘आहे तशी’ विक्री असते, हे इथे कळतं. न्यायालय मालमत्तेवरचा कर्जाचा बोजा उतरवून देऊ शकतं. पेटंटमधला मूळचा कच्चेपणा नाही. आधीच्या मालकाने केलेले करारही पाठ सोडत नाहीत. याच प्रकरणात स्पॉल्डिंग आणि अकुश्नेट यांच्यात १९९६ मध्ये झालेल्या एका जुन्या समझोत्यावरून वेगळी लढाई झाली, आणि तो समझोता झाला तेव्हा कॅलवेचा त्याच्याशी काही संबंधही नव्हता.

नावांचं पुढे काय झालं? २०१२ मध्ये कॅलवेने टॉप-फ्लाइट हे नाव डिक्स स्पोर्टिंग गुड्सला विकलं आणि बेन होगन पेरी एलिसला. नाव एकाकडे, त्या नावाखाली झालेलं संशोधन दुसऱ्याकडे. म्हणून खोक्यावरचं नाव बघून पेटंट कुणाचं याचा अंदाज बांधू नये.

पहिला हात सावकाराचा

कंपनी बुडायच्या बऱ्याच आधी तिची पेटंटं बँकेकडे गहाण पडलेली असतात. मोठं कर्ज देताना बँका ‘आज आहे ते आणि उद्या येईल ते सगळं’ अशा भाषेत तारण लिहून घेतात. पेटंटांच्या विक्रीतून पैसा आला की आधी या तारणवाल्या घेणेकऱ्याचं भागतं. पुरवठादार, कामगारांची उरलेली देणी, गिऱ्हाइकं त्यानंतर, आणि भागधारकांच्या वाट्याला बहुधा शून्य.

म्हणून हुशार खरेदीदार कधीकधी लिलावाची वाट बघत बसत नाही. तो थेट कर्जच विकत घेतो. टेनिस रॅकेट बनवणारी प्रिन्स कंपनी मे २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली, त्याआधी ऑथेंटिक ब्रँड्स ग्रुपने तिचं कर्ज बँकांकडून घेऊन टाकलं होतं. सावकारच बदलला, आणि त्या कर्जाच्या बदल्यात कंपनी नव्या सावकाराच्या हाती आली. यात लबाडी काही नाही, कायद्यात बसतं. पण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं लिलाव होईल, कुणीतरी छोटा उद्योजक एखादं पेटंट स्वस्तात उचलेल. तोवर खेळ संपलेला असतो.

प्रिन्सचा विषय निघालाच आहे तर तिचं सगळ्यात गाजलेलं पेटंट बघू. आधी धातूच्या स्की बनवून नाव कमावलेले हॉवर्ड हेड यांनी टेनिसच्या रॅकेटचं तोंडच मोठं केलं. तेव्हाची लाकडी रॅकेटं साधारण ७० चौरस इंचांची असत. हेड यांच्या १९७६ च्या अमेरिकी पेटंटमध्ये ८५ ते १३० चौरस इंच एवढा मोठा पट्टा अडवलेला होता. टेनिस खेळण्याची पद्धतच या रॅकेटने बदलली. त्या वेळच्या अमेरिकी नियमानुसार मुदत मंजुरीपासून १७ वर्षांची, म्हणजे १९९३ मध्ये ती संपली. प्रिन्स बुडाली तेव्हा तिचा सगळ्यात मोठा शोध जवळजवळ दोन दशकं सगळ्यांसाठी खुला होता आणि प्रत्येक स्पर्धक मोठ्या तोंडाची रॅकेटं विकत होता. खरेदीदाराने पैसे मोजले ते प्रामुख्याने नावाचे. खेळाच्या धंद्यात हे नेहमीचं आहे. पेटंटाला मरण ठरलेलं असतं; नाव मात्र वापरात ठेवून नूतनीकरण करत राहिलं तर कितीही वर्षं चालतं.

ज्यांनी लायसन्स घेतलंय त्यांचं काय?

समजा तुमची छोटी कंपनी आहे आणि दुसऱ्याच्या पेटंटवर लायसन्स घेऊन तुम्ही हेल्मेटचं अस्तर बनवता. साचे घेतले, माणसं ठेवली. आता पेटंटवाला बुडाला. त्याचा प्रशासक म्हणाला, हा करार आम्हाला परवडत नाही, आम्ही तो नाकारतो. तुमचा धंदा एका दिवसात बंद?

अमेरिकेत एके काळी नेमकं हेच होत होतं. १९८५ मध्ये लुब्रिझॉलच्या प्रकरणात एका अपील न्यायालयाने सांगितलं की दिवाळखोर मालकाने करार नाकारला की लायसन्स घेणाऱ्याचा तंत्रज्ञान वापरायचा हक्कही गेला. नुकसानभरपाई मागा आणि रांगेत उभे राहा. उद्योगजगत हादरलं. १९८८ मध्ये संसदेने कायदा बदलला आणि दिवाळखोरी संहितेत एक नवी तरतूद घातली. तिच्यामुळे लायसन्स घेणारा ठरलेली रक्कम भरत राहिला तर पेटंट वापरत राहू शकतो. मालकाने कबूल केलेली बाकीची मदत, म्हणजे तांत्रिक सल्ला, सुधारणा, प्रशिक्षण, त्याला मिळणार नाही. पण हक्क टिकतो.

मात्र त्या कायद्यात पेटंट आलं, व्यापारी गुपितं आली, कॉपीराइट आला, आणि ट्रेडमार्क, म्हणजे नावावरचा हक्क, राहून गेला. ही फट बुजवणारा खटला खेळाच्या सामानातूनच आला. टेम्पनॉलॉजी नावाची कंपनी व्यायाम करताना अंग थंड ठेवणारं कापड आणि टॉवेल ‘कूलकोर’ नावाने बनवायची. मिशन प्रॉडक्ट होल्डिंग्ज या कंपनीला तिने तो माल विकायचा आणि नाव वापरायचा हक्क दिला होता. सप्टेंबर २०१५ मध्ये टेम्पनॉलॉजी दिवाळखोरीत गेली आणि तिने हा करार नाकारायची परवानगी मागितली. मिशनचा नावावरचा हक्क उरतो का, यावरून भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मे २०१९ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी निकाल लागला: करार नाकारणं म्हणजे करार मोडणं, आणि करार मोडला म्हणून आधी देऊन टाकलेला हक्क परत घेता येत नाही. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात सरळ आणि शहाणा निकाल आहे.

हे सगळं अमेरिकेचं. प्रत्येक देशात असं संरक्षण असेलच असं नाही. जर्मनीत दिवाळखोरी प्रशासकाला अर्धवट राहिलेले करार पुढे चालवायचे की सोडायचे हे ठरवायचे बरेच अधिकार असतात, आणि लायसन्सवाल्याची धाकधूक तिथे जास्त असते. करार करतानाच ‘तुम्ही बुडालात तर काय’ हे कलम वाचून घ्यावं ते यासाठी.

उलट बाजूही असते. बुडालेल्या कंपनीनेच दुसऱ्याचं पेटंट लायसन्सवर घेतलेलं असलं तर ते लायसन्स तिच्या मालमत्तेबरोबर आपोआप खरेदीदाराकडे जात नाही. अमेरिकेत साधारण नियम असा की पेटंटवाल्याची संमती लागते, कारण आपलं तंत्रज्ञान कुणाच्या हाती द्यायचं हे ठरवायचा हक्क त्याचा. एखाद्या बुटाच्या कंपनीचा सगळा डोलारा दुसऱ्याकडून आणलेल्या तळव्यावर उभा असेल, तर ती कंपनी विकत घेणाऱ्याला बूट मिळेल आणि तळवा मिळणार नाही.

उपासमारीने मेलेली पेटंटं

पेटंट जिवंत ठेवायला फी भरावी लागते. अमेरिकेत मंजुरीनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी. युरोपातल्या आणि इतर बऱ्याच देशांत दर वर्षी. हप्ता चुकला तर सहसा सहा महिने दंडासह भरायची सवलत मिळते, आणि त्यानंतर पेटंट खलास.

कंपनीची हालत खालावते तेव्हा पगार, भाडं, माल यांच्या रांगेत पेटंटची फी शेवटी असते. सगळ्यात आधी दूरच्या देशांतली पेटंटं सोडून दिली जातात. पेटंट देशोदेशी वेगळं घ्यावं लागतं, त्यामुळे एकाच शोधाची अवस्था एका देशात जिवंत, दुसऱ्यात मेलेली आणि तिसऱ्यात मुळात अर्जच केलेला नाही, अशी असू शकते. ज्या देशात ते मेलं तिथे कुणीही तो शोध वापरू शकतो. पण तिथे बनवलेला माल जिवंत पेटंट असलेल्या देशात पाठवला, की बंदरावरच अडचण उभी राहते.

मेलेलं पेटंट कधीकधी उठूनही बसतं. फी भरायची राहिली ती जाणूनबुजून नव्हती असं दाखवता आलं तर अमेरिकेत ते पुन्हा चालू करता येतं. मधल्या काळात ज्याने ते बंद समजून उत्पादन सुरू केलं त्याला न्यायालय काही प्रमाणात सांभाळून घेतं, पण त्या भरवशावर कारखाना उभारणं जोखमीचंच. बंद पडून काही महिनेच झालेलं पेटंट कायमचं गेलं असं समजू नये, विशेषतः त्याच काळात कुणी नवा मालक आला असेल तर.

आणि कुणीच आलं नाही तर? कंपनी कायदेशीररीत्या विसर्जित झाली, मालमत्तेच्या यादीत कुणाचं लक्ष नव्हतं, एखादं पेटंट तिच्याच नावावर पडून राहिलं. ब्रिटनमध्ये यावर जुनं, सरळ उत्तर आहे: बेवारस मालमत्ता राजघराण्याच्या, म्हणजे प्रत्यक्षात सरकारच्या खात्यात जमा. हवं असेल तर त्या खात्याकडे अर्ज करून किंमत मोजून घ्यावं लागतं. धावण्याच्या एखाद्या बुटाच्या टाचेवरचं पेटंट राजाच्या मालकीचं असू शकतं, ही कल्पना मला भारी वाटते.

शोध लावणाऱ्याला परत मिळतं का?

बहुतेक वेळा नाही. नोकरीला लागतानाच संशोधकाने आपले शोध कंपनीच्या नावे लिहून दिलेले असतात. पेटंटवर त्याचं नाव राहतं, मालकी राहत नाही. कंपनी बुडाली म्हणून ते लिहून दिलेलं रद्द होत नाही. त्याला आपलंच डोकं परत हवं असेल तर इतरांसारखी बोली लावावी लागते, आणि तोवर दुसरीकडे नोकरी करून त्याच पद्धतीची वस्तू बनवली तर त्याच्यावरही दावा होऊ शकतो. स्वतंत्र संशोधकाने कंपनीला पेटंट दिलं असेल तर ‘इतकी वर्षं उत्पादन झालं नाही तर पेटंट परत’ असं कलम करारात घालता येतं. दिवाळखोरीत असं कलम किती टिकेल हे देशावर आणि शब्दरचनेवर अवलंबून असतं. पूर्ण विकून टाकण्याऐवजी लायसन्स देणं हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग, कारण मग मालकी स्वतःकडेच राहते.

किंमत ठरते कशी?

कागदावर फुगते, लिलावात फुटते. खेळाबाहेरचं उदाहरण: कोडॅक बुडाली तेव्हा तिच्या डिजिटल छायाचित्रणाच्या पेटंटांची किंमत दोन अब्ज डॉलरच्या वर जाईल असे अंदाज बांधले गेले होते. हाती आले साडेबावन्न कोटी डॉलरच्या आसपास. घाईत विकणाऱ्याला भाव मिळत नाही. शिवाय पेटंट समजून सांगणारी, प्रयोगांच्या वह्या कुठे आहेत हे माहीत असणारी माणसं तोवर नोकऱ्या सोडून गेलेली असतात. साचा कोणत्या तापमानाला उघडायचा, गोंद किती वेळ वाळू द्यायचा हे पेटंटमध्ये लिहिलेलं नसतं. ते त्या माणसांच्या हातात असतं आणि लिलावात येत नाही.

खेळाच्या सामानाला आणखी एक धोका आहे, जो दुसऱ्या धंद्यात फारसा नसतो: नियम बनवणारी संघटना. २००८-०९ मध्ये पोहण्याचे विक्रम धडाधड मोडले जात होते, कारण अंगभर चिकटणारे पॉलियुरेथेनचे पोशाख. जागतिक जलतरण संघटनेने १ जानेवारी २०१० पासून ते स्पर्धेत बंद केले. अशा पोशाखावरचं पेटंट कायद्याने वैधच राहतं, पण त्याची किंमत एका बैठकीत उतरते. म्हणून खेळाच्या पेटंटचा खरेदीदार वकिलाइतकंच नियमपुस्तकही चाळतो.

बनवायचंच असेल तर

बुडालेल्या कंपनीसारखी वस्तू बनवायचा विचार असेल तर आधी वस्तूवर किंवा खोक्यावर पेटंटचा नंबर छापला आहे का बघावं. तो नंबर पेटंट ऑफिसच्या संकेतस्थळावर टाकला की तीन गोष्टी कळतात: मुदत कधी संपते, फी भरलेली आहे का, आणि आज मालक म्हणून कुणाची नोंद आहे. एका वस्तूवर एकच पेटंट असतं असंही नाही. बिजागरीवर एक, पट्ट्यावर दुसरं, आणि दिसण्यावर वेगळं डिझाइन पेटंट. अमेरिकेत डिझाइन पेटंटला मधली फीच नसते, त्यामुळे ते उपासमारीने मरत नाही. मंजुरीपासून १५ वर्षं निमूट चालू राहतं.

मालकाच्या नोंदीवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही, कारण दिवाळखोरीतल्या घाईत ती मागे पडते. आणि जो पेटंट घेतोय त्याने तर ती लगेच करून घ्यावी. अमेरिकी कायद्यात हस्तांतराची नोंद तीन महिन्यांत, किंवा निदान पुढच्या सौद्याच्या आधी झाली नाही, आणि तेच पेटंट दुसऱ्या कुणी अजाणतेपणी पैसे मोजून घेतलं, तर पहिल्या खरेदीदाराचा हक्क त्याच्यापुढे टिकत नाही. सौद्याच्या कागदात ‘आधी झालेल्या उल्लंघनाबद्दल दावा करण्याचा हक्क’ हे शब्दही स्पष्ट लागतात. ते नसतील तर नव्या मालकाला फक्त पुढच्या विक्रीवर भांडता येतं. अमेरिकेत मागच्या सहा वर्षांपर्यंतची भरपाई मागता येते, त्यामुळे ही एक ओळ कधीकधी उरलेल्या पेटंटपेक्षा महाग असते.

ज्याने ती वस्तू आधीच विकत घेतली आहे त्याने मात्र निर्धास्त राहावं. मूळ कंपनीने एकदा विकलेल्या रॅकेटवर किंवा ट्रेडमिलवर पेटंटचा अंमल तिथेच संपतो. नवा मालक कुणीही असो, तो तुमच्याकडे वापराचे पैसे मागू शकत नाही, आणि ती वस्तू तुम्ही वापरू शकता, दुरुस्त करू शकता, दुसऱ्याला विकूही शकता.